रक्तपेढीत डॉक्टर कोण आहे?

सकाळी साडेसात

मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात साडेसातलाच ऊन चटका देऊ लागतं. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की रक्तपेढीची दोन्हीकडून ओढाताण होते. कॉलेजं बंद, माणसं गावी, म्हणून शिबिरं आटतात. शीतकपाटांवरचा ताण मात्र वाढतो. त्यामुळे आल्याबरोबर मी आधी तापमानाचे तक्ते बघते.

दात्यानं दिलेल्या एका पिशवीतून तीन घटक वेगळे होतात आणि तिघांची सोय निरनिराळी असते. लाल पेशी २ ते ६ अंशांत राहतात. योग्य द्रावण असेल तर ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली, वर्षभर. प्लेटलेट २० ते २४ अंशांत, सतत हलणाऱ्या ट्रेवर, तेही ५ दिवसच. काल रात्री वीज दोनदा गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत आलेखावरची रेघ किती चढली आणि किती वेळ चढलेली राहिली, हे बोट ठेवून बघते आणि मगच सही करते.

मग प्लेटलेट. पिवळसर द्रवाची पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच दाबली की आत चमकदार भोवरे फिरताना दिसतात. याला आम्ही स्वर्लिंग म्हणतो. भोवरे दिसले म्हणजे पेशी चपट्या, चकतीच्या आकारात आणि कामाच्या आहेत. द्रव नुसताच गढूळ, सपाट दिसला तर ती पिशवी बाजूला ठेवायची. मुदत शिल्लक असली तरी तिचा रुग्णाला उपयोग नाही.

ही सगळी कामं माझे तंत्रज्ञ माझ्याइतक्याच सफाईनं करतात. माझं काम सुरू होतं ते नेहमीची रीत जिथे संपते तिथून. माझं एमडी रक्तसंक्रमणशास्त्रातलं, म्हणजे ट्रान्सफ्यूजन मेडिसिनमधलं. असा डॉक्टर असतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं. लोकांच्या मनात रक्तपेढी म्हणजे काउंटर, पावती आणि पिशवी. आजचा दिवस लिहून काढायचं कारण तेच.

सकाळी साडेआठ

बुटीबोरीच्या एमआयडीसीत आज शिबिर आहे. उन्हामुळे सातलाच सुरू केलंय. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा फोन येतो. दरवर्षी न चुकता देणारा एक कामगार आलाय, हिमोग्लोबिन १२.२ भरलंय आणि तो हटून बसलाय. नियम १२.५ चा आहे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर आणि स्त्रियांना १२० दिवसांचं. हे आकडे औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांत लिहिलेले आहेत, कारण कायद्याच्या लेखी रक्त हे औषध आहे. मी फोन त्या कामगाराकडेच द्यायला सांगते.

"दादा, तुमचं रक्त आम्हाला हवंच आहे. पण आधी तुमच्यात ते पुरेसं पाहिजे. इथे येऊन तपासणी करून घ्या, कमी का झालं ते पाहू. तीन महिन्यांनी पहिला नंबर तुमचा."

नाराज होतो, पण ऐकतो. दात्याला परत पाठवणं हेही रक्तपेढीच्या डॉक्टरचं काम. एके काळी या देशात पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर कारभार चालत असे. मुंबईत लीला मुळगावकरांनी १९५४ पासून ऐच्छिक रक्तदानाची शिबिरं भरवायला सुरुवात केली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदान बंद झालं. आज गणेश मंडळापासून गुरुद्वाऱ्यापर्यंत सगळीकडे माणसं हौसेनं हात पुढे करतात. त्या विश्वासाला जपायचं तर दात्याच्या तब्येतीपेक्षा पिशव्यांचा आकडा मोठा होऊ द्यायचा नाही.

सकाळी दहा

प्रयोगशाळेत गटतपासणी सुरू आहे. प्रत्येक नमुना दोन बाजूंनी तपासतात. आधी पेशींवर कोणते प्रतिजन, म्हणजे ओळखीच्या खुणा, आहेत ते, मग उलट बाजूनं, सीरममध्ये अशा खुणांवर हल्ला करणारी कोणती प्रतिपिंडं आहेत ते. दोन्हींचा मेळ बसला तरच गट लिहायचा.

ही दुसरी बाजू का सोडायची नाही, याचा धडा महाराष्ट्रातूनच जगाला मिळाला. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, जे पेशींच्या तपासणीत ओ दिसत होतं, पण त्याचं सीरम ओ गटाच्या पेशींवरही तुटून पडत होतं. तोच बॉम्बे गट. ए आणि बी ज्यावर उभे राहतात तो एच प्रतिजनच या माणसांत नसतो. त्यांना साधं ओ रक्त दिलं तर जिवावर बेततं. चालतं ते फक्त बॉम्बे गटाचंच. असं काही हाती लागलं की परळच्या राष्ट्रीय रुधिर प्रतिरक्षाशास्त्र संस्थेचा आधार असतो. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली ती संस्था अशा दुर्मीळ दात्यांची नोंद ठेवते.

आज मात्र सगळे मेळ बसतात. मी चहा मागवते, तोवर काउंटरवरून निरोप येतो.

सव्वाअकरा

"मॅडम, गडचिरोलीकडचे एक जण आले आहेत. तीन पिशव्या मागितल्या आहेत. दोन ठिकाणांहून फिरून आलेत. तिथे जुळलं नाही म्हणतात."

काउंटरपाशी पन्नाशीचा माणूस उभा आहे. हातात थर्माकोलचा डबा, काखेत प्लास्टिकची पिशवी. मुलगी वीस वर्षांची, सिकलसेलची रुग्ण, नागपुरातल्या एका दवाखान्यात दाखल.

"मॅडमजी, रक्त हाय की नाही येवढंच सांगा. नसन तं अजून कुठं जातो. पोरीले लय तरास हाय."

"बसा आधी. पाणी घ्या. कुठेही जाऊ नका. तुमच्या मुलीचं काम इथूनच होईल."

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरच्या दुःखासारखा पसरलेला आहे. सरकारनं जुलै २०२३ मध्ये या आजाराच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं आणि त्यासाठी २०४७ हे लक्ष्य ठेवलं. पण आज जे रुग्ण आहेत त्यांना अडीअडचणीला रक्त लागतंच. आणि वारंवार रक्त घेणाऱ्याच्या शरीरात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होण्याचा धोका असतोच.

मी चिठ्ठी वाचते. हिमोग्लोबिन ६.१. कावीळ. लघवी गडद. पाठदुखी. मी वडिलांना विचारते, याआधी रक्त कधी दिलं? ते प्लास्टिकची पिशवी टेबलावर रिकामी करतात. घडीवर फाटलेले कागद, जुन्या पावत्या, रेशनकार्डाची झेरॉक्स, लहानपणाचं एक कार्ड. त्यात नऊ दिवसांपूर्वीची पावती निघते. दुसऱ्या गावी दोन पिशव्या दिल्या होत्या. त्या वेळी हिमोग्लोबिन ७ होतं, म्हणजे रक्त दिल्यावर ते वाढायच्या ऐवजी पहिल्यापेक्षाही खाली गेलं.

इथे माझ्या डोक्यात घंटा वाजते. रक्त देऊन आठ-दहा दिवसांनी कावीळ, गडद लघवी आणि उतरलेलं हिमोग्लोबिन म्हणजे दिलेलं रक्त शरीरानं ओळखून फोडून टाकलं असण्याची दाट शक्यता. वॉर्डातल्या डॉक्टरला हेच चित्र सिकलसेलच्या झटक्यासारखं दिसतं आणि तो आणखी रक्त मागवतो. त्यात त्याचा दोष नाही. ही लक्षणं एकमेकांत मिसळतातच.

आम्ही कामाला लागतो. चार ओ पॉझिटिव्ह पिशव्यांशी जुळवणी केली. जेल कार्ड उजेडात धरलं. बारक्या नळ्यांमधून लाल पेशी घसरून तळाशी बसल्या तर रक्त जुळलं. वरच अडकून रेघ उमटली तर नाही. चारांपैकी तीन नळ्यांत रेघ वर. एकीत पेशी स्वच्छ तळाशी. याचा अर्थ तिच्या शरीरातली प्रतिपिंडं सगळ्यांवर तुटून पडत नाहीत, त्यांना विशिष्ट खूण हवी आहे.

ती खूण कोणती हे शोधायला अकरा पेशींचं पॅनेल असतं. प्रत्येक पेशीवर कोणते प्रतिजन आहेत हे आधीच माहीत असतं. तिचं सीरम कुठे प्रतिक्रिया देतं आणि कुठे देत नाही हे तक्त्यावर मांडायचं आणि एकेक शक्यता खोडत जायची. पाऊण तासानं दोन नावं उरतात: अँटी-स्मॉल सी आणि अँटी-बिग ई. दोन्ही आरएच कुटुंबातली. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारा डी प्रतिजन सगळ्यांना माहीत असतो; त्याच्या शेजारी ही आणखी भावंडं असतात, आणि नेहमीच्या जुळवणीत त्यांचा वेगळा विचार होत नाही.

आता खात्री करायची. तिच्या स्वतःच्या पेशींवर स्मॉल सी आणि बिग ई नसतील तरच ही प्रतिपिंडं तिची म्हणून पटतील. पण तिच्या रक्तात अजून दात्याच्या पेशी मिसळलेल्या असणार, म्हणून थेट तपासलं तर उत्तर फसवं येईल. सिकलसेलच्या बाबतीत यावर एक सुंदर तोड आहे. ०.३ टक्के मिठाच्या पाण्यात पेशी धुतल्या की दात्याच्या निरोगी पेशी पाणी शोषून फुटतात. सिकलसेलच्या पेशी चिवट असतात, त्या तग धरतात. तंत्रज्ञ नळी फिरवते, वरचं लालभडक पाणी ओतून टाकते, पुन्हा धुते. चार-पाच वेळा केल्यावर वरचं पाणी नितळ होतं आणि तळाशी उरतो तो लाल ठिपका फक्त त्या मुलीचा. तो तपासला. स्मॉल सी नाही. बिग ई नाही. निदान पक्कं.

साठ्यातल्या ओ पॉझिटिव्ह पिशव्या या दोन प्रतिजनांसाठी तपासायला घेतल्या. स्मॉल सी नसलेले दाते आपल्याकडे दुर्मीळ नाहीत, शोधणारा हवा. दोन पिशव्या मिळाल्या, जुळल्याही.

दुपारी दीड

आता खरा प्रश्न. रक्त मिळालं, पण द्यायचं का?

मी त्या दवाखान्यातल्या फिजिशियनला फोन लावते. मुलीला धाप आहे का? छातीत दुखतं का? ऑक्सिजन किती? नाडी? तो सांगतो, थकलेली आहे, पण धाप नाही. सकाळपासून हिमोग्लोबिन तेवढंच आहे. मी माझं म्हणणं मांडते. या अवस्थेत आणखी रक्त दिलं तर कधी कधी शरीर त्याच्यासोबत स्वतःच्याही पेशी फोडायला लागतं. प्रकृती स्थिर आहे तोवर थांबावं, द्रव आणि ऑक्सिजन सांभाळावा, सहा तासांनी पुन्हा हिमोग्लोबिन बघावं. लागलंच तर दोन जुळलेल्या पिशव्या तिच्या नावानं राखून ठेवते. आमच्या दोघांचं एकमत होतं.

वडिलांना समजावणं अवघड जातं. तीन पिशव्यांसाठी आलेल्या माणसाला मी एकही देत नाहीये. मी त्यांना एक छोटं कार्ड देते. त्यावर मुलीचं नाव, गट आणि दोन प्रतिपिंडांची नावं ठळक अक्षरात.

"हे कार्ड आयुष्यभर जपायचं. कुठेही रक्त घ्यायची वेळ आली तर आधी हे दाखवायचं."

यामागे कारण आहे. ही प्रतिपिंडं काही महिन्यांनी रक्तातून दिसेनाशी होतात. तपासणीत काही सापडत नाही, जुळवणी बरोबर येते, रक्त दिलं जातं आणि शरीराला जुनं वैर आठवतं. नऊ दिवसांपूर्वी बहुधा तेच घडलं. त्या दिवशी ज्यानं रक्त जुळवलं त्याच्या कार्डावर पेशी तळाशीच बसल्या असतील. म्हणून नोंद लागते आणि ती रुग्णाच्या हातात लागते. अशा प्रतिक्रियांची देशपातळीवर नोंद ठेवायला १० डिसेंबर २०१२ रोजी हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला. नोएडाची राष्ट्रीय जैविक संस्था तो पाहते. संध्याकाळी मी हा अहवाल तिकडे भरणार आहे.

दुपारी अडीच

जेवणाचा डबा उघडेपर्यंत पाहुणे येतात. चंद्रपूरकडच्या एका धर्मादाय रुग्णालयाचे ट्रस्टी. सत्तरीचे, खादीचा झब्बा, हातात फाइल. रक्तकेंद्र उभारलंय. शीत सेंट्रिफ्यूज घेतलं, कपाटं आली, खोल्या नियमाप्रमाणे बांधल्या.

"सगळं झालं मॅडम, फक्त डॉक्टर मिळून नाही राहिला. आमच्याकडे पॅथॉलॉजिस्ट येतात आठवड्यातून दोनदा. त्यांचं नाव लावलं तर जमते का?"

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून मी उत्तरही सविस्तर देते. कायदा तीन वाटा ठेवतो. पॅथॉलॉजी किंवा ट्रान्सफ्यूजन मेडिसिनमधलं एमडी. एमबीबीएसच्या जोडीला यापैकी एका विषयाचा डिप्लोमा. किंवा एमबीबीएस आणि रक्तपेढीतला एक वर्षाचा नियमित अनुभव. शेवटच्या दोन वाटांनी येणाऱ्याला गटशास्त्राचं आणि घटक बनवण्याचं पुरेसं ज्ञान असलं पाहिजे, असंही नियम म्हणतो. कागद तिन्ही वाटांनी पुरा होतो. काम पुरं होईलच असं नाही.

पॅथॉलॉजिस्टबद्दल मला आदर आहे. पण त्याची तीन वर्षं गाठी, पेशी आणि काचपट्ट्या वाचण्यात जातात. रक्तपेढी वाट्याला येते ती त्यातला थोडा काळ. आम्ही तीच तीन वर्षं न जुळणारं रक्त, दात्यांची निवड, मशीनवर प्लेटलेट काढणं, प्रतिक्रियांचा तपास आणि वॉर्डातल्या डॉक्टरांशी वाद घालणं यात घालवतो. पुष्कळ पॅथॉलॉजिस्ट पुढे याच कामात मुरतात आणि आमच्याइतकेच तरबेज होतात. म्हणून ट्रस्टींना सांगते, पदवीची अक्षरं बघा, पण त्या माणसाचे मागचे दिवस कुठे गेले तेही बघा.

"मग शोधायचा कुठे?"

मी कागद पुढे ओढते. हा विषय शिकवणारे विभाग आहेत: चंदीगडचं पीजीआय, लखनौचं संजय गांधी पीजीआय, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, मुंबईचं टाटा मेमोरियल. तिथल्या विभागप्रमुखांना पत्र लिहा, परीक्षा आटोपून बाहेर पडणाऱ्यांची चौकशी करा. या क्षेत्रातल्या आयएसबीटीआय या संघटनेची ट्रान्सकॉन परिषद दरवर्षी भरते, तिथे एखाद्याला पाठवा. विदर्भातला मुलगा किंवा मुलगी बाहेर शिकत असेल तर त्याला घराजवळ यायचं असतं; त्याच्यापर्यंत निरोप पोहोचायला हवा. उमेदवार मिळाला की त्याची पदव्युत्तर पदवी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदलेली आहे का ते तपासा, आणि परवान्यावर नाव चढवण्यासाठी अन्न व औषध प्रशासनाला वेळेत कळवा.

मुलाखतीत काय विचारायचं, हेही ते विचारतात. मी तीन प्रश्न लिहून देते. सलग चार पिशव्या जुळल्या नाहीत तर पाचवी काढण्याआधी तुम्ही काय कराल? सर्जन रागावून म्हणाला, मला ताजंच रक्त हवं, तर काय सांगाल? रात्री दोनला रक्त चढताना रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तर सिस्टरला पहिलं वाक्य कोणतं सांगाल? तिसऱ्याचं उत्तर एकच: रक्त थांबवा, शीर मोकळी ठेवा, पिशवी फेकू नका. जो अडखळतो त्याला आणखी शिकू द्या.

ट्रस्टी विचारात पडतात. "आणि मिळालाच नाही तर?"

तर तुमच्याच पॅथॉलॉजिस्टला काही महिने मोठ्या केंद्रात शिकायला पाठवा. आमच्यासारख्या केंद्राशी लेखी करार करा. अडचण आली की पेशंट हलवू नका, नमुना हलवा. दोन नळ्या, खाटेपाशीच लावलेलं लेबल आणि एक पानभर माहिती: आधी रक्त कधी दिलं, गर्भारपण किती, औषधं कोणती. बर्फाच्या डब्यात घालून एसटीच्या पार्सलनं पाठवलात तरी आम्ही तपासून फोन करू. आणि जो डॉक्टर नेमाल त्याचा पगार पिशव्यांच्या संख्येला बांधू नका. त्याला नाही म्हणायचा हक्क हवा. त्या हक्काशिवाय तो सही करणारा कारकून होईल.

दुपारी साडेचार

शिबिराची गाडी येते. पिशव्या ताबडतोब सेंट्रिफ्यूजमध्ये जातात, कारण उशीर झाला तर त्यांतून प्लेटलेट निघत नाहीत. दुसरीकडे एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या लागतात. निकाल येईपर्यंत पिशव्या वेगळ्या कपाटात, कुलपात.

मागच्या शिबिरातला एक तरुण दाता भेटायला आलाय. त्याची बी काविळीची चाचणी रिॲक्टिव्ह आली होती. दार लावून आम्ही दोघंच बसतो. मी आधी सांगते की ही गाळणीची चाचणी आहे, रोगाचं निदान नव्हे. पुढची तपासणी व्हायची आहे. आजार निघालाच तरी त्यावर देखरेख आणि उपचार आहेत, घरच्यांना लस देता येते. तो बराच वेळ काही बोलत नाही. मग विचारतो, "आईला सांगायलाच लागेल का?" मी घाई करत नाही. आपण होऊन रक्त द्यायला आलेल्या माणसाला बातमी देताना त्याची मान खाली जाता कामा नये. त्याच्यासाठी पोटविकारतज्ज्ञांची वेळ मीच ठरवून देते.

संध्याकाळी सहा

उद्याच्या मागणीचिठ्ठ्या. सगळ्या मी वाचतेच. एक चिठ्ठी: स्त्री, २६ वर्षं, बाळंत होऊन तीन महिने, हिमोग्लोबिन ६.८, "एक बाटली द्यावी". धाप नाही, रक्तस्राव नाही, चालत ओपीडीत आलेली.

मी डॉक्टरबाईंना फोन करते. एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमनं वाढेल आणि अंगात दोन-अडीचशे मिलिग्रॅम लोह जाईल. शिरेतून लोहाचं इंजेक्शन दिलं तर एका वेळी हजार मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. शिवाय ती पुन्हा गरोदर राहू शकते. आज उगाच घेतलेल्या रक्तानं तिच्या अंगात प्रतिपिंड तयार झालं, तर उद्या पोटातल्या बाळाच्या पेशींवर ते हल्ला करेल. बाई लगेच मानतात. म्हणतात, "कोणी असं सांगतच नाही हो."

सांगायला तिथे कोणीतरी असावं लागतं.

रात्री साडेनऊ

घरी जेवण उरकतेय तोच फोन. शहरातल्या एका प्रसूतिगृहात बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही. मी घरूनच रक्तपेढीत फोनवर हुकूम सोडते: ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या लगेच रवाना करा, नमुना येताच गट तपासा आणि पुढच्या पिशव्या तिच्याच गटाच्या द्या. प्लाझ्मा आत्ताच वितळायला टाका. ३७ अंशांच्या पाण्यात त्याला अर्धा तास लागतो; मागणी येईपर्यंत थांबलो तर तो अर्धा तास तिच्याकडे नसेल. लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट बरोबरीनं पाठवा, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन उतरलं तर क्रायोप्रेसिपिटेट काढा. प्रसूतितज्ज्ञांना विचारते, ट्रॅनेक्झामिक ॲसिड दिलं का? २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या वुमन चाचणीनं दाखवलं की ते लवकर, तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात. दिलंय म्हणतात.

मी गाडी काढते. वाटेतच कळतं की शस्त्रक्रिया सुरू झाली आहे. रक्तपेढीत पोहोचते तेव्हा तंत्रज्ञ दुसरी फेरी डब्यात भरतोय. प्रत्येक पिशवीचा नंबर एक जण मोठ्यानं वाचतो, दुसरा चिठ्ठीवर ताडून बघतो. कितीही घाई असली तरी हे वाचन टळत नाही, कारण रक्त देण्यातल्या जीवघेण्या चुका बहुतेक वेळा नावाच्या आणि नंबरच्या असतात.

रात्री साडेअकरा

बाळंतिणीचा रक्तस्राव आटोक्यात आला. सिकलसेलच्या मुलीचं हिमोग्लोबिन ६ वर टिकून आहे, लघवीचा रंग किंचित निवळलाय. रक्त न देता रात्र काढायचं ठरलं. तिच्या दोन पिशव्यांवर नाव लिहून मी त्या वेगळ्या खणात ठेवायला सांगते आणि रात्रपाळीच्या वहीत कारण लिहिते, म्हणजे टंचाईत कोणी त्या दुसऱ्याला देणार नाही.

दात्यांची रांग वाढवायचं काम समाजानं मनापासून केलंय. आता त्या रक्ताचा नीट वापर होईल अशी माणसं नेमायचं काम रुग्णालयांनी करायला हवं. आणि तुमच्या घरातल्या कुणाला वारंवार रक्त लागत असेल तर "पिशवी आहे का?" एवढ्यावर थांबू नका. "इथे डॉक्टर कोण आहेत, रात्री त्यांना फोन करता येतो का?" हेही विचारा. तो प्रश्न वारंवार कानी पडला की नेमणुकाही होतील.

निघण्याआधी मोबाइल बघते. ट्रस्टींनी जाहिरातीचा मजकूर तपासायला पाठवलाय: "रक्तकेंद्र चालवण्यासाठी डॉक्टर पाहिजे." मी दुरुस्त करून परत पाठवते: "रक्तसंक्रमणातला तज्ज्ञ पाहिजे. रक्त केव्हा द्यायचं आणि केव्हा थांबायचं, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे राहील."